फोर व्हील की ऑल व्हील? – गाडी घेण्यापूर्वी थोडे



ऊस विकास खात्याने बेणे, खते आणि लागणीच्या तारखा यांवर लिहावे, मोटारगाड्यांवर लिहू नये, असा संकेत आहे. तो आम्ही या खेपेस मोडतो आहोत. गेल्या दोन-तीन वर्षांत गट कार्यालयात सभासद आले की उसाच्या नोंदीचे बोलणे पाच मिनिटांत आटोपते आणि पुढचा अर्धा तास गाडीवर जातो. "साहेब, पोरगं म्हणतंय फोर बाय फोरच पाहिजे. शोरूमवाला म्हणतो ऑल व्हील घ्या, तेच झालं. घेऊ का?" एकाला सांगितले, दुसऱ्याला सांगितले, आता छापूनच टाकलेले बरे.

शोरूमवाला म्हणतो तसे ते 'तेच' नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

पहिला घोळ शब्दांचाच आहे. आपल्याकडे मोटरसायकल सोडून चार चाकांवर जे चालते त्या सगळ्याला 'फोर व्हीलर' म्हणायची पद्धत आहे. परवा एक गडी आम्हाला छातीठोकपणे म्हणाला, "माझी फोर व्हीलच आहे की!" पाहिले तर साधी पुढच्या चाकांच्या ओढीची गाडी. चाके सगळ्याच मोटारींना चार असतात. प्रश्न आहे तो इंजिनाची ओढ किती चाकांना मिळते याचा. बहुतेक लहान मोटारींत ती पुढच्या दोन चाकांना मिळते. बोलेरो, ट्रक, साधा ट्रॅक्टर यांत मागच्या दोन चाकांना. ती चारही चाकांना पोचवायची सोय असली की मग फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह ही नावे लागतात. दोन्ही नावांचा मराठी अर्थ एकच निघतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरा घोळ नावलौकिकाचा. थार म्हटली की ती फोर बाय फोर असणारच, असे लोक धरून चालतात. महिंद्रची नवी थार २०२० च्या ऑक्टोबरात बाजारात आली तेव्हा ते खरे होते. पण २०२३ च्या जानेवारीपासून थार नुसत्या मागच्या चाकांच्या ओढीचीही मिळते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. स्कॉर्पिओ-एनचेही तसेच, एकाच नावाखाली दोन्ही प्रकार. तेव्हा गाडीच्या तोंडाकडे न बघता गिअरच्या बाजूला काय आहे ते बघावे. तिथे दुसरा छोटा दांडा किंवा गोल बटण असेल, आणि त्यावर टू हाय, फोर हाय, फोर लो अशा खुणा असतील, तर ती खरी फोर बाय फोर. काहीच नसेल तर विचारून घ्यावे, आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे.

आता आत काय चालते ते पाहू. हा भाग थोडा रटाळ वाटेल, पण इथे समजले तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

जुन्या माणसांना खळ्यावरची मळणी आठवत असेल. तिवड्याला बैलांची पात बांधलेली. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय टाकल्यासारखा चालायचा आणि कडेच्या बैलाला भराभर पाय उचलावे लागायचे, कारण त्याचा फेरा मोठा. गाडी वळताना चाकांचे हेच होते. आतले चाक कमी अंतर कापते, बाहेरचे जास्त. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो, ज्याला आपल्याकडे ड्रायव्हर लोक नुसते 'डिप्रेशन' म्हणतात. तो दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतो.

या डिफरन्शियलचा एक वाईट गुण आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात गेले आणि त्याला पकड राहिली नाही, तर त्या चाकाला पेलतो तेवढाच थोडका जोर कोरड्यातल्या चाकालाही मिळतो. म्हणून एक चाक गरागरा फिरते, दुसरे शांत उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही. ट्रॅक्टरवर टाचेखाली जो लॉकचा पेडल असतो तो याचसाठी. तो दाबला की दोन्ही चाके एक होतात. सभासदांना हे सांगायला नको, नांगरटीत त्यांनी तो हजार वेळा दाबला असेल.

फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस नावाची दुसरी गिअरपेटी असते. दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट तिथे एकमेकांना सरळ जोडले जातात. या दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणजे पुढची जोडी आणि मागची जोडी एकाच जुवाला बांधल्यासारखी होते. मागची घसरली तरी पुढची ओढते, पुढची घसरली तरी मागची ढकलते. चिखलात याच्यासारखे दुसरे काही नाही.

पण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या फेऱ्यातून जातात. दोन्ही जोड्या एकमेकांना बांधलेल्या, तेव्हा कोणाला तरी घसरावेच लागते. चिखलात, मुरुमावर, ओल्या गवतावर चाक आपसूक घसरते आणि काही कळत नाही. डांबरावर मात्र चाक घसरू शकत नाही. मग गाडी अडकल्यासारखी होते, स्टिअरिंग जड येते, टायर कुरकुरतात आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो. फोर व्हील ट्रॅक्टर डांबरी सडकेवर पुढचा एक्सल लागू ठेवून पळवला तर पुढचे टायर एका हंगामात कसे खाल्ले जातात, ते ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरची पुढची चाके तर मुद्दाम काकणभर जास्त वेगाने फिरतील अशीच बांधलेली असतात. तेव्हा 'पाऊस पडतोय, घाटात फोर हाय टाकून जाऊ' हे म्हणणे चुकीचे आहे. ओले असले तरी डांबर ते डांबरच.

या ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक गोष्ट असते, आणि आमच्या मते खरी किंमत तिचीच आहे. ती म्हणजे फोर लो. इकडे मिळणाऱ्या गाड्यांत हा गिअर वेग साधारण दोन ते अडीच पट कमी करतो आणि ओढ तेवढीच वाढवतो. गाडी माणसाच्या चालीने दगडगोट्यांवरून चढते. उतारावरही ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरते, आणि हा अडसर चारही चाकांवर सारखा पडतो.

ऑल व्हील ड्राइव्हचे घराणे वेगळे आहे. तिथे दांडा नसतो, बहुतेक वेळा फोर लोही नसतो. सरळ रस्त्यावर गाडी पुढच्या चाकांवरच चालते. मागच्या एक्सलला जाणाऱ्या शाफ्टवर एक क्लच बसवलेला असतो. पुढचे चाक घसरते आहे असे गाडीतल्या यंत्रणेला कळले की तो क्लच आपोआप आवळला जातो आणि थोडी ओढ मागे जाते. काम झाले की क्लच पुन्हा सुटतो. जोडणी घट्ट नसते, म्हणून डांबरावर, वळणावर, पावसात, कुठेही ती चालू राहिली तरी बिघडत नाही. चालवणाऱ्याला काही करावे लागत नाही, किंबहुना त्याला कळतही नाही. ज्याला रोज लोणावळ्याहून पुण्याला नोकरीला जायचे आहे त्याला ही सोय चांगली.

तिची मर्यादा त्या क्लचमध्येच आहे. क्लच म्हणजे घासणाऱ्या चकत्या. निसरड्या चढावर दोन-पाच मिनिटे त्या काम करतील. गुडघाभर चिखलात अर्धा तास गाडी हुंदडवली तर चकत्या तापतात, आणि जळू नयेत म्हणून यंत्रणाच मागची ओढ तोडते. नेमकी गरज असते तेव्हा गाडी पुन्हा दोन चाकांची होते. यात कंपनीची फसवणूक नाही. ती गाडी त्या कामासाठी बनवलेलीच नाही.

हे नीट पटायचे तर दोघींचे मूळ पाहावे. फोर व्हील जीप जन्मली युद्धात. १९४१ पासून विलीज कंपनीने अमेरिकी फौजेसाठी ती बनवली. लढाई संपल्यावर १९४७ मध्ये महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे पाटबंधारे, वनखाते, पोलीस, झेडपी यांच्या दारात ती उभी राहिली. जुन्या कारखान्यांचे शेतकी अधिकारीही तिच्यातूनच फिरले. १९८५ ला मारुतीची जिप्सी आली, तीही त्याच जातीची. रस्ता नसेल तिथे जायचे, मग हळू का होईना, हा या जातीचा हेतू. ऑल व्हीलची कहाणी थंड मुलखातली. जपानच्या सुबारू कंपनीने एका वीज कंपनीच्या लोकांना बर्फातून खांबांपर्यंत जाता यावे म्हणून साध्या मोटारीच्या चारही चाकांना ओढ दिली, आणि १९७२ मध्ये तशी गाडी बाजारात आणली. जर्मनीच्या ऑडीने १९८० मध्ये क्वाट्रो काढली आणि शर्यती जिंकून दाखवल्या. रस्ता आहे, पण निसरडा आहे, त्यावरून वेगात आणि सुखरूप जायचे, हा या दुसऱ्या जातीचा हेतू.

(चारही चाकांची ओढ कायम चालू आणि मध्ये तिसरा डिफरन्शियल, असाही एक प्रकार आहे. इंग्लंडच्या रेंज रोव्हरने तो १९७० मध्ये आणला. त्यात दोन्ही गुण येतात, पण किंमत आपल्या ऊसबिलाच्या हिशोबात बसणारी नाही, म्हणून सोडून देतो.)

आता आपला मुलूख बघा. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून वडगाव-तळेगावकडे येता येता तो निम्म्याच्याही खाली येतो. पवन मावळात, नाणे मावळात, आंदर मावळात वरच्या अंगाला भातखाचरे आणि तांबडी निसरडी माती, खाली नदीकाठाला ऊस आणि काळी चिकट जमीन. एकाच तालुक्यात दोन तऱ्हांचा चिखल. तांबड्या वाटेवर चाक घसरते, पण खाली कठीण लागते. टायर चांगले असतील तर गाडी निघते. काळीत चाक रुतते, माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. तिथे ऑल व्हील असो नाहीतर फोर व्हील, शेवटी बोलवावा लागतो तो शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच.

म्हणून विचारणाऱ्या सभासदाला आम्ही आधी उलट विचारतो, गाडी वर्षातले किती दिवस डांबर सोडून जाणार? घर वस्तीवर आहे आणि जून ते सप्टेंबर वाट कच्ची असते, वरच्या वाडीला दूध घालायला रोज चढायचे असते, तर फोर लो असलेली गाडी घ्यावी. जिम्नी, फोर बाय फोर थार, स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर, गुरखा ही नावे त्यात येतात. गुरख्याला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने टाकायचे लॉक आहेत, म्हणजे ट्रॅक्टरच्या त्या पेडलचीच मोटारीतली आवृत्ती. मागे लहान मुले आणि म्हातारी माणसे बसवायची असतील तर मात्र गाडीत आधी घरच्यांना बसवून बघावे आणि मगच बयाणा द्यावा. दांड्याच्या जोरात पाठीचा विचार राहून जातो.

गाडी बहुतेक दिवस डांबरावरच असेल, पण पावसाळ्यात घाट, ओले चढ, लग्नसराईत कोकणात जाणे असे असेल, तर ऑल व्हील चांगली. मारुतीच्या ग्रँड व्हिटारामध्ये अशी ओढ मिळत आलेली आहे, महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० मध्येही होती. कोणत्या मॉडेलात आज मिळते आणि कोणत्यात बंद झाली हे दर वर्षी बदलते. छापील माहितीपत्रक घरी आणून निवांत वाचावे.

आणि गाडी वर्षातले तीनशेसाठ दिवस सडकेवर, उरलेले पाच दिवस बांधापर्यंत, असे असेल तर आमचे स्पष्ट मत आहे की दोन्ही घेऊ नये. साधी दोन चाकांच्या ओढीची गाडी घ्यावी, टायर उत्तम ठेवावेत आणि ते पाच दिवस बांधाच्या अलीकडे उतरून चालत जावे. चारही चाकांच्या ओढीपायी मॉडेल बघून लाख-दोन लाख, कधी त्याहून जास्त मोजावे लागतात. गाडीचे वजन वाढते आणि तेल जास्त लागते. पोराला मित्रांत दाखवायला हवी असेल तर तसे उघड म्हणावे, घरात त्याचा वेगळा हिशोब होईल. शेतीच्या नावावर तो खर्च टाकू नये. मावळात जमिनी विकून आलेला पैसा दारातल्या गाडीत कसा मुरला हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यावर बोलायचा आम्हाला अधिकार नाही, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

टायरांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. आपल्याकडे टायर जोडीने बदलायची सवय आहे. यंदा पुढचे दोन, पुढच्या वर्षी मागचे दोन. साध्या गाडीला ते चालते. ऑल व्हीलला ते घातक आहे. नवा टायर थोडा मोठा, झिजलेला थोडा लहान. यंत्रणेला वाटते एक जोडी घसरते आहे, आणि तो क्लच विनाकारण सारखा आवळत-सुटत राहतो. चारही टायर एका मापाचे, एका बनावटीचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. फोर बाय फोरवाल्यांनीही दांडा टाकायच्या आधी हे बघावे. तसेच, मोठ्या खाचांचे चिखली टायर दिसायला रुबाबदार असले तरी ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते. लोणावळ्याच्या पावसात ते लावून वेगाने जाणे शहाणपणाचे नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

चारही चाकांची ओढ गाडीला चालवते. थांबवत नाही. ब्रेक तर सगळ्याच मोटारींना चारही चाकांवर असतात, दोन लाख जास्त मोजलेल्या गाडीलाही आणि न मोजलेल्यालाही. ओल्या घाटात गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड, वेग आणि उतार यांवर ठरते. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. त्यात ऑल व्हीलचा एक छुपा दोष आहे. साध्या गाडीत ओल्या रस्त्यावर जरा जास्त रेस दिली की चाक घसरते आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो, की बाबा, आज रस्ता बरा नाही. ऑल व्हील तो इशारा गिळून टाकते. गाडी भरवशाने पळते, माणूस निर्धास्त होतो, आणि ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा त्याला पहिल्यांदा कळते की रस्ता निसरडा आहे. खंडाळ्याच्या उतारावर तो फार उशीर असतो. जुने ट्रकवाले ज्या गिअरात घाट चढायचे त्याच गिअरात उतरायचे. तो नियम आजच्या गाडीलाही तसाच लागू आहे, ऑटोमॅटिक असली तरी तिच्यात खालचा गिअर धरायची सोय असते.

दुसरे, वाहते पाणी. पावसाळ्यात आपल्या भागातले ओढे तासाभरात चढतात. पवनेच्या, इंद्रायणीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे नवीन नाही, तरीही फोर बाय फोर हाताखाली आली की फरशीवरून पाणी जात असताना "जाईल की" म्हणणारे निघतात. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटारी तरंगायला लागतात आणि दोन फुटांत मोठ्या एसयूव्ही वाहून जातात. चाक जमिनीवरून उचलले गेले की ओढ दोन चाकांना आहे की चार, याला काही अर्थ राहत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती गाडीत नव्हती, पण पाणी किती वेळात चढते हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. घरातल्या तरुण पोरांना किल्ली देताना हे सांगावे, रागावले तरी सांगावे.

तिसरी गोष्ट आमच्या खात्याची आहे. ती म्हणजे वाफसा.

चारही चाकांची ओढ आली की माणूस ओल्या रानात शिरतो. आधी जिथे ट्रॅक्टर रुतायचा म्हणून चार दिवस थांबावे लागायचे, तिथे आता फोर व्हील ट्रॅक्टर जातो. काम झाले, मजूर रिकामे बसले नाहीत, सगळे खूष. पण ट्रॅक्टर रुतला नाही याचा अर्थ रानाला वाफसा आला असा होत नाही. ओल्या काळ्या मातीवरून जड चाक गेले की माती दाबून घट्ट होते. तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी मुरत नाही, मुळी खाली जात नाही. तोडणीनंतर खोडवा ठेवायचा असेल तर नुकसान दुप्पट, कारण भरलेली ट्रॉली सरीतून न जाता वरंब्यावरून गेली की बुडख्यांचा चुरा होतो आणि पुढे त्या पट्ट्यात फूटच येत नाही. खोडव्यात तुटाळ पडली की सभासद आम्हाला खताचे विचारतात. आम्ही आधी रानात चाकाच्या खुणा शोधतो. फोर व्हील ट्रॅक्टर घेऊ नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. फोर व्हीलवर चाक कमी घसरते, त्यामुळे तेल वाचते, चढावर पुढचे तोंड उचलत नाही, आणि चिखलणीला तर त्याला तोड नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, मोठ्या एसयूव्हीवर तो ४० टक्के आहे. चारही चाकांच्या ओढीवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते दारातल्या गाडीआधी गोठ्याशेजारच्या ट्रॅक्टरवर करावेत, असे आमचे मत आहे. ट्रॅक्टर त्या ओढीची परतफेड करतो. फक्त त्याने वाफशाची जागा घेऊ नये. मूठभर माती दाबून बघावी. गोळा हाताला चिकटला तर घरी जावे.

पाहुण्यांच्या गाड्यांचेही यात येते. जुलै-ऑगस्टात पवनेच्या कडेला, तिकोना-तुंगच्या पायथ्याला शनिवार-रविवारी शहरातून मोठमोठ्या फोर बाय फोर येतात. काही जण भातखाचरात, बांधावरून, ओल्या गवताळ पडीकातून गाडी घालतात, फिरवतात, चित्रे काढतात आणि जातात. मागे राहतात ते फुटलेले बांध आणि दोन-दोन वीत खोल चाकोऱ्या. मग त्यातली एखादी रुतते आणि आपला सभासद ट्रॅक्टर घेऊन ओढायला जातो. ओढण्याचे पैसे मिळतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण फुटलेल्या बांधातून पाणी गेलेले खाचर दुसऱ्याचे असते. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात शिवारवाटांच्या तोंडाशी साखळी लावावी आणि शेतात गाडी घालायची नाही अशी मोठी पाटी लावावी. ओढून काढणाऱ्यानेही गाडीवाल्याला बांधाच्या मालकाशी बोलणी करायला लावूनच सोडावे. पाहुण्यांनी यावे, भाकरी-पिठले खावे, इंद्रायणी तांदूळ विकत न्यावा. त्या तांदळाचे वाण आपल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातूनच १९८७ मध्ये प्रसारित झाले आहे हेही त्यांना सांगावे. गाडी मात्र सडकेवर ठेवावी.

राहता राहिली पाणंद. फोर व्हील पाहिजे असे म्हणणाऱ्या दहा सभासदांशी खोलात बोलले की सातांची खरी अडचण गाडीची नसते, वाटेची असते. फडापासून सडकेपर्यंतचा अर्धा-पाऊण किलोमीटर. परतीचा पाऊस लांबला की नोव्हेंबरात तोडणीचा कोयता फडावर असतो आणि ट्रॉली पाणंदीत. चिटबॉय तासन् तास उभा, ऊस तुटून पडलेला, वजन घटते, उतारा घटतो, आणि सभासद म्हणतो गाडी फोर व्हील असती तर निघाली असती. एखादी निघेलही. पण तिच्यामागून येणाऱ्या साध्या ट्रॅक्टरला वाट उरत नाही, कारण पहिलीने ती उकरून ठेवलेली असते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना राज्य सरकारने २०२१ मध्ये आणली. तिच्यात नाव लागायचे तर आधी अतिक्रमण मोकळे करावे लागते, आणि तिथेच आपले घोडे पेंड खाते. भावकीतला एक वीतभर सरी सोडत नाही, म्हणून बाकीचे पंधरा जण चारही चाकांच्या गाडीची स्वप्ने बघत बसतात. एका फोर बाय फोरपायी जे जादा लाख-दोन लाख जातात, तेवढ्यात सगळ्यांनी मिळून मुरूम टाकला, कडेची चर काढली आणि मोरीला दोन नळे बसवले, तर पाणंदीवरून बैलाची टायरगाडीसुद्धा सुखाने निघते.

येत्या हंगामाच्या वाहतूक करारांआधी आम्ही गटवार पाणंदींची यादी करणार आहोत. ज्यांच्या फडाला वाट नाही किंवा वाट आहे पण पावसात बंद होते, त्यांनी गट नंबर, वाटेची लांबी आणि अडचण नेमकी कुठे आहे एवढे लिहून गट कार्यालयात द्यावे. वादाची जागा असेल तर तीही लिहावी, लपवू नये. सगळे सभासद एकत्र बसणार असतील तर आम्ही स्वतः बैठकीला येऊ. गाडी कोणती घ्यायची ते त्यानंतर बोलू.

– ऊस विकास अधिकारी